ओझे, उसण आणि वस्ताद

पाठ-खांद्याच्या दुखण्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. पाठीत उसण भरते, कंबर धरते, मान अवघडते, खांदा भरून येतो, खवाट्याखाली चमक निघते आणि अलीकडे मणक्यातली गादी सरकते. गादीचा अपवाद सोडला तर हे शब्द क्ष-किरणांच्या कितीतरी आधीचे आहेत. त्यांतला कुठलाच शब्द दुखण्याचे कारण सांगत नाही, पण प्रत्येक शब्द दुखण्याची जात सांगतो. उसण एका क्षणात भरते. खांदा भरून यायला दिवस लागतात. धरलेली कंबर हळूहळू सुटते, चमक मात्र विशिष्ट हालचालीलाच निघते. हा भेद ज्यांनी केला ते रोज ओझे उचलणारे किंवा उचलणाऱ्यांवर नजर ठेवणारे लोक असले पाहिजेत. त्यांच्याजवळ दुखण्यासाठी शब्द होते, तर त्यावर काही विचारही असेल, या अंदाजाने मी वाचायला लागलो.

मी डॉक्टर नाही आणि संस्कृतचा पंडितही नाही. वरसाव्याला राहतो आणि मिळतील त्या ग्रंथालयांत बसून वाचतो. आमच्या या खाडीकाठच्या टापूत इमारती उठल्या तशा जिमही निघाल्या. पन्नाशी उलटल्यावर मीही त्यांतल्या एकीत जाऊ लागलो. काही महिन्यांनी उजवा हात डोक्याच्या वर जाईना. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी दोन मिनिटांत जिम कायमची बंद करायला सांगितले. जिममधल्या तरुण प्रशिक्षकाचे म्हणणे होते की दुखणे हे स्नायू वाढत असल्याचे लक्षण आहे, थांबू नका. एकाचे उत्तर ‘सोडा’, दुसऱ्याचे ‘सोसा’. आजूबाजूच्या मुलांना विचारले तेव्हा त्यांनाही हीच दोन उत्तरे मिळालेली होती. आपल्याकडे भार उचलण्याची परंपरा इतकी जुनी असताना तिच्याजवळ तिसरे उत्तर नव्हते काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

अर्धी शक्ती

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत व्यायामाची स्तुती आहे हे सर्वांना माहीत असते. त्याच प्रकरणांत व्यायामाची मर्यादाही घालून दिलेली आहे, तिचा उल्लेख मात्र क्वचित होतो. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगतात. ही अर्धी शक्ती मोजायची कशी, तर श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला, कपाळावर आणि काखेत घाम आला, की थांबायचे. चरकाने अतिव्यायामाने होणारे विकार वेगळे मोजून दाखवले आहेत. व्यायामानंतर अंग चोळणे हा तर दिनचर्येचाच भाग मानला आहे. म्हणजे श्रम, मर्यादा आणि मर्दन या तिन्ही गोष्टी एकाच प्रकरणात, एकाच दमात येतात.

हे झाले सर्वसामान्य माणसासाठी. मल्लांसाठी वेगळे शास्त्र होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ मराठी अभ्यासकांना परिचित आहे, कारण त्यात जुन्या मराठी गीतांचे नमुने सापडतात. त्याच ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार आणि त्यांचे श्रम तिथे नोंदवले आहेत. या श्रमांतला एक ‘भारश्रम’, म्हणजे सरळ वजन उचलण्याचा व्यायाम. त्याच्या जोडीला चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यात पोहण्याचा सलिलश्रम, बाहूंचा आणि खांबावरचा श्रम आहे. भार हा पाच प्रकारांतला एक आहे, एकमेव नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आजच्या जिममध्ये तरुणाचा सगळा वेळ भारश्रमात जातो, आणि त्यातही छाती आणि दंड यांवरच. पाठीमागचे, खवाट्याभोवतीचे स्नायू आरशात दिसत नाहीत म्हणून मागे राहतात.

‘मल्लपुराण’ हा दुसरा ग्रंथ. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांशी तो निगडित आहे आणि सांडेसरा-मेहता यांच्या संपादनाने १९६४ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाला. त्यात सोळा प्रकारचे श्रम सांगितले आहेत, ऋतूप्रमाणे आहार सांगितला आहे, आणि कोणी श्रम करू नयेत हेही सांगितले आहे. श्रम शिकवणाऱ्या ग्रंथातच श्रम कोणाला वर्ज्य हे आले आहे. शिकवणारा आणि थांबवणारा अधिकारी एकच होता, असा त्याचा अर्थ मी घेतो.

तालमीतला वैद्य

हा अधिकारी नंतरच्या काळात तालमीचा वस्ताद म्हणून दिसतो. तालमीत भाराची साधने पुष्कळ होती: दगडी नाल, करेल, मुद्गल, देवळापुढचे गोल दगड. नवा मुलगा आला की आधी जोर आणि बैठका. जोडी कधी धरायची आणि ती कधी जड करायची हे वस्ताद ठरवणार. दुखावले तर तेल, शेक, मालिश आणि सांधा बसवणे हेही तिथल्या तिथे. हाडवैद्य हा स्वतंत्र धंदा होताच, पण चांगल्या तालमीत तो बाहेरून बोलवावा लागत नसे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण बडोद्याचे. मराठी राजवटीतल्या या शहरात जुम्मादादांची तालीम होती. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी ती पुढे नावारूपाला आणली. जुम्मादादा व्यायाम मंदिर हे नावच पाहावे: मुसलमान गुरूचे नाव हिंदू शिष्याने आपल्या संस्थेला दिले. माणिकरावांचे नाव सामुदायिक कवायतीसाठी घेतले जाते. कवायतीच्या इंग्रजी आज्ञांच्या जागी देशी आज्ञा आणणारांत ते होते. पण व्यायाम शिकवणारा म्हणून जेवढी त्यांची ख्याती, तेवढीच हाडे-सांधे-स्नायूंची दुखणी बरी करणारा म्हणूनही होती. लाठी शिकायला येणारा आणि निखळलेला खांदा घेऊन येणारा, दोघांनाही एकच दार होते.

याच दारातून १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे हा तरुण बाहेर पडला. पुढे तो स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखला गेला. १९२४ साली लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम काढले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांनी केलेली नवी गोष्ट अशी की आसनांच्या परिणामांचे दावे क्ष-किरणांखाली आणि मोजमापाच्या उपकरणांखाली ठेवले. आखाड्यात जे हाताला कळत होते ते कागदावर यावे, असा तो प्रयत्न होता.

कागदावर आणण्याचे दुसरे मोठे काम दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचे. त्यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. जगातल्या कुठल्याही भाषेत त्या काळी एवढा पसारा क्वचितच कोणी मांडला असेल. दंड-बैठका, मल्लखांब, कुस्ती, शस्त्रे यांच्याबरोबर अंगमर्दनालाही या कामात स्थान आहे. ग्रंथालयांतले हे खंड मी पाहिले तेव्हा त्यांची पाने फारशी उलटलेली दिसत नव्हती.

या परंपरेचे गुणगान करून थांबणे मात्र खोटेपणाचे होईल. हाताने सांधा ओढणाऱ्याला आतले हाड मोडले आहे की नुसते सरकले आहे हे नेहमीच कळत असेल असे नाही. चुकीच्या ओढीने कायमचे अपंगत्व आलेली माणसे गावोगाव असत. ज्ञान तोंडी होते, आणि तालमीचे दार बायकांना बहुधा बंदच असे. तरीही एक गोष्ट उरते. भार देणारा आणि दुखणे पाहणारा हे दोन वेगळे इसम नव्हते.

साधन आले, शिक्षक आला नाही

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही गाठ सुटू लागली. युजेन सँडो या जर्मन बलवानाचे ‘स्ट्रेंग्थ अँड हाउ टु ऑब्टेन इट’ हे पुस्तक १८९७ साली निघाले. पुस्तक, तक्ते आणि डंबेल्स टपालाने घरी येऊ लागले. १९०४-०५ च्या सुमारास सँडो स्वतः हिंदुस्थानात खेळ करून गेला. टपालाने शिक्षण म्हणजे दुखावलेला खांदा दाबून पाहणारे कोणी नाही.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याआधी सुमारे दहा वर्षे ते सँडोच्या पद्धतीने, त्याचीच साधने विकत घेऊन, व्यायाम करत होते. १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यांच्या या बदलाकडे बहुधा स्वदेशीच्या चष्म्यातून पाहिले जाते. मला त्यात दुसरेही काही दिसते. सूर्यनमस्कारात भार म्हणजे आपलेच शरीर. त्याचे वजन एका रात्रीत दुप्पट करता येत नाही. उत्साहाच्या भरात पाठ दुखावून घेण्याची शक्यता त्यामुळे आपोआप कमी होते.

बारबेलचे तसे नाही. दोन्ही टोकांना प्लेट चढवल्या की वजन हवे तेवढे वाढते. ऑलिंपिकमधल्या भारोत्तोलनाचाही एक धडा आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत त्यात ‘प्रेस’ हा तिसरा प्रकार होता. वजन खांद्यापासून सरळ डोक्यावर ढकलायचे. जास्त वजन काढण्यासाठी खेळाडू कमरेतून इतके मागे वाकू लागले की प्रेस कुठे संपते आणि उताणे ढकलणे कुठे सुरू होते हे पंचांना ठरवता येईना. कमरेच्या मणक्यांवर येणारा ताण हीदेखील चिंता होती. म्युनिकनंतर तो प्रकारच काढून टाकला गेला.

वजनाने दुखावलेले वजनाने बरे

याच काळात वैद्यकशास्त्र पाठीच्या आणि खांद्याच्या आत पाहायला शिकले. १९३४ साली बॉस्टन शहरातून दोन गोष्टी प्रसिद्ध झाल्या. मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी दाखवले की मणक्यांमधली चकती फुटून मज्जातंतूवर दाब आला की कंबर आणि पाय दुखतो. आपली ‘गादी सरकणे’ ती हीच. कॉडमन या डॉक्टरांचे ‘द शोल्डर’ हे पुस्तकही त्याच वर्षीचे. खांद्याची खोबण उथळ आहे, गोळा मोठा आहे, आणि तो जागेवर ठेवण्याचे काम चार लहान स्नायूंच्या कंडरा करतात. हात डोक्यावर पुन्हा पुन्हा जड वजनानिशी गेला की याच कंडरा झिजतात. दुखऱ्या खांद्यासाठी कॉडमनने सुचवलेला उपाय साधा होता: पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि लंबकासारखा हळूहळू झुलवायचा.

१९६० च्या दशकात स्वीडनच्या नाकेमसनने जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आडवे पडल्यावर तो सर्वांत कमी, उभे राहिल्यावर जास्त, आणि वाकून वजन उचलताना कितीतरी जास्त निघाला. यावरून पाठदुखीला अंथरुणावर पडून राहणे हा उपाय सर्वमान्य झाला. डॉक्टर ‘सोडा’ म्हणतात त्यामागे हा इतिहास आहे. पण १९८६ साली अमेरिकेत डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर तुलना केली. दोन दिवस झोपून राहिलेले आणि सात दिवस झोपून राहिलेले यांच्या दुखण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर गेले. त्यानंतर जगभर सल्ला बदलत गेला: साध्या पाठदुखीत शक्यतो हिंडतेफिरते राहावे.

त्याही आधीची एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डिलोर्म हा तरुण डॉक्टर होता. लहानपणी संधिज्वराने खिळलेला हा मुलगा वजने उचलून धडधाकट झाला होता. जखमी सैनिकांना हलक्या हालचालींवर ठेवण्याऐवजी त्याने त्यांच्या हाती वजने दिली, आणि १९४५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे त्याने आणि वॉटकिन्सने जी पद्धत रूढ केली ती अशी: माणूस जे वजन जेमतेम दहा वेळा उचलू शकतो ते मोजायचे. पहिल्या फेरीत त्याच्या निम्मे, दुसरीत पाऊण, तिसरीत पूर्ण. सुरुवात अर्ध्यापासून. वाग्भटाची अर्धी शक्ती आणि डिलोर्मचे निम्मे वजन एकच नव्हे, एक थांबण्याची खूण आहे आणि दुसरी आरंभाची. पण दोघांनाही आधी माणसाची पूर्ण ताकद मोजावी लागते, आणि ती माणसागणिक वेगळी असते.

आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण मीराबाई चानूचे. २०१७ ची ही विश्वविजेती पाठीच्या दुखण्यामुळे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत उतरू शकली नाही. खांद्याचाही त्रास राहिला. २०२० मध्ये ती अमेरिकेत सेंट लुईसला आरोन हॉर्शिग यांच्याकडे गेली. हे गृहस्थ आधी भारोत्तोलक आणि मग फिजिओथेरपिस्ट. त्यांनी दुखरी जागा नुसती शेकली नाही. दोन बाजूंच्या ताकदीतला आणि हालचालीतला असमतोल शोधला आणि तो व्यायामाने भरून काढायला लावला. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला मीराबाईने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा विश्वविक्रम केला आणि जुलैत टोकियोला २०२ किलोंसह रौप्यपदक मिळवले. उचलणारा आणि बरे करणारा पुन्हा एकाच माणसात आले, ते बडोद्यापासून इतक्या दूर.

सांगलीच्या संकेत सरगरची गोष्ट याच खेळाची दुसरी बाजू दाखवते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ किलो उचलून तो सहा किलोंनी पुढे होता. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ झाले, १३९ च्या प्रयत्नात उजवे कोपर दुखावले. तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. एकूण २४८ किलो झाले आणि सुवर्ण एका किलोने हुकले. तिथे ‘सोसा’ला अर्थ आहे. पदक एका किलोवर अडलेले असते आणि निर्णय त्या खेळाडूचा असतो. रविवारच्या जिममध्ये तेच ब्रीद लावणे निराळे. अमेरिकेच्या ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्रांतल्या भारोत्तोलकांच्या सहा वर्षांच्या नोंदी १९९९ साली प्रसिद्ध झाल्या. सरावाच्या दर हजार तासांना दुखापती ३.३ निघाल्या. पाठ, गुडघा आणि खांदा मिळून सुमारे ६५ टक्के. कसलेल्या शिक्षकांच्या नजरेखाली केलेले भारोत्तोलन लोक समजतात तेवढे धोक्याचे नाही, असा याचा अर्थ. धोका नजर नसण्यात आहे.

ज्याला वजन निवडता येत नाही तो

इथपर्यंत ज्यांची गोष्ट सांगितली त्यांना एक स्वातंत्र्य होते. ते वजन खाली ठेवू शकत होते. मल्ल, वस्तादाचा पठ्ठा, जिममधला मुलगा, सगळे. आमच्या शेजारी भाईंदरला मिठागरे आहेत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ टोपल्यांनी डोक्यावरून वाहिले गेले. मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत, पुण्याच्या भुसार बाजारात गोण्या पाठीवर गेल्या. मराठी माणसाने आजवर उचललेल्या वजनांची बेरीज केली तर आखाड्यातले वजन त्यात चिमूटभर निघेल. उसण, चमक, धरलेली कंबर हे शब्द बहुधा याच पाठींनी जास्त वापरले असतील.

शंभर किलोंचे पोते ही बाजाराची जुनी चाल. क्विंटलचा हिशेब सोपा जातो म्हणून. म्हणजे पोत्याचे माप हिशेबाच्या सोयीने ठरले, पाठीच्या नव्हे. हमालाला अर्धी शक्ती राखता येत नाही, कारण अर्धे पोते नसते. त्याला विश्रांती घ्या म्हणणे म्हणजे त्या दिवसाची हमाली बुडवा म्हणणे. ‘सोडा’ त्याला परवडत नाही, म्हणून ‘सोसा’ एवढेच उरते.

त्याच्यासाठी तिसरे उत्तर तालमीतून आले नाही. ते संघटनेतून आले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये असे म्हटले, पण बाजारातला हमाल कारखान्यात नव्हता. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. नोंदणी, मंडळ, भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार: दुखऱ्या पाठीला चार दिवस टेकता येण्याची सोय खरी यातच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. आता पोते ५० किलोंचे असावे ही हमालांची मागणी बाजाराला ऐकावी लागते. नवी मुंबईच्या बाजार समितीत पन्नासावरच्या कांद्याच्या गोण्या उतरवायला माथाडींनी नकार दिल्याच्या बातम्या अलीकडच्याच आहेत. शंभराचे पन्नास. पुन्हा निम्मे. या वेळी ते मिळवले ज्यांची पाठ आहे त्यांनीच.

तिसरे उत्तर

या साऱ्या वाचनातून निघणारे उत्तर लांबलचक नाही. पायात बधिरता किंवा कमजोरी, लघवीवरचा ताबा जाणे, ताप, पडल्यानंतरची तीव्र वेदना, हात अजिबात न उचलणे, यांपैकी काही असेल तर व्यायामाचा विचार सोडून तातडीने रुग्णालय गाठावे. तिथे वस्तादाचा हात पुरा पडत नाही. एरवी मात्र ‘सोडा’ आणि ‘सोसा’ यांच्यामध्ये ‘उतरवा’ हा शब्द आहे. वजन उतरवा, ज्या हालचालीला चमक निघते ती काही काळ बाजूला ठेवा, बाकी शरीर चालते ठेवा, आणि निम्म्यापासून पुन्हा चढा. माझा हात डोक्यावर जायला पाच महिने लागले. त्यात लंबकासारखे झुलवणे होते, रबरी पट्टा होता, आणि एका जाणत्या फिजिओथेरपिस्टची नजर होती. चमत्कार काही नव्हता.

पण मर्यादा ठरवायची कोणी, हा प्रश्न उरतोच. तालमीत ती वस्ताद ठरवत असे, रुग्णालयात डिलोर्मसारखा डॉक्टर, बाजारात संघटना. आजच्या जिममध्ये ती कोणीच ठरवत नाही. तिथे वजन शेजारच्या बाकावरचा मुलगा किती उचलतो यावरून ठरते. शिकवणाऱ्याला दुखण्याचे किमान ज्ञान असावे अशी अट घालणे अवघड नाही. बडोद्यात ती शंभर वर्षांपूर्वी अट म्हणून नव्हे, रीत म्हणून होती.

एक काम आपल्यासारख्या हौशी अभ्यासकांच्याही आवाक्यातले आहे. जुन्या तालमींतले वस्ताद आणि निवृत्त माथाडी अजून आपल्यात आहेत. पोते पाठीवर घेताना पाय कुठे ठेवायचा, थप्पी लावताना कंबर कशी वाचवायची, कोणत्या दुखण्यात काम चालते आणि कोणत्यात नाही, हे त्यांना ठाऊक आहे. ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांनंतर अकरावा कोणी लिहिला नाही. तो लिहायचा झाला तर आखाड्याइतकीच पाने बाजाराला द्यावी लागतील.